मुलांच्या घरीं कुत्रें कोणतें असावें?



उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं आमच्या परतवाड्यांत ज्या घरीं आठ-दहा वर्षांचीं मुलें आहेत, तेथें एक मागणी हटकून पुढें येते. 'आपण कुत्रा आणूं या!' वडील प्रथम नाहीं म्हणतात. आई त्याहून निक्षून नाहीं म्हणते. आणि आठवड्याभरानें तडजोड ठरते ती अशी कीं, कुत्रा आणावयाचा, परंतु तो लहान असावा आणि त्याचें फारसें कांहीं करावें लागूं नये. या दोन अटी घेऊन पुष्कळ मंडळी माझ्याकडे सल्ला विचारावयास येतात. मी पशुवैद्य नव्हे. कुत्र्यांच्या संगतींत चाळीस वर्षें काढलेला एक गृहस्थ आहें. तेव्हां आज जें सांगणार आहें तें अनुभवाचें आहे, आणि त्यांतला एक अनुभव माझ्याच चुकीचा आहे.

'लहान' आणि 'कमी कष्टाचा' या दोन गोष्टी एक नव्हेत, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. कुत्रा लहान असला तर तो कमी खाईल आणि कमी जागा अडवील, एवढेंच. त्याचे कष्ट किती पडतील हें ठरतें त्याच्या केंसांवरून, त्याच्या नाकावरून आणि आपल्या गांवच्या हवेवरून. चार किलो वजनाच्या लांब केंसांच्या कुत्र्याला रोज विंचरावें लागतें. पंधरा किलोच्या आखूड केंसांच्या कुत्र्याला आठवड्यांतून एकदां ओलें फडकें फिरविलें तरी पुरतें.

परतवाडा ही मुळांत अचलपूरची छावणी. एकोणिसाव्या शतकांत हैदराबाद कन्टिंजन्टची फौज येथें असे. साहेब लोकांबरोबर त्यांचीं विलायती कुत्रींहि येथें आलीं असतील. परंतु साहेबांना उन्हाळ्यांत साडेतीन हजार फुटांहून उंच असलेला चिखलदरा जवळ होता. आज आपण विलायती कुत्रें हौसेनें आणतों, पण त्याच्या वांट्याला चिखलदरा येत नाहीं. वैशाखांतील त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचें ऊन मात्र येतें. म्हणून वऱ्हाडांत कुत्रें निवडतांना पहिला प्रश्न त्याच्या उंचीचा नसून त्याच्या नाकाचा आहे.

हें नाकाचें प्रकरण समजावयास आपल्या घरांतील कूलर पुरे. त्याच्या वाळ्याच्या टट्ट्यांवरून पाणी झिरपत असतें; बाहेरची कोरडी हवा त्यांतून आंत येते, पाणी उडून जातें आणि हवा गार होते. कुत्र्याचें नाक-तोंड हें असेंच यंत्र आहे. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो बहुतेक पंजांच्या तळव्यांनाच येतो आणि त्याचा उपयोग थोडा. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. जिभेवरील व नाकाच्या आंतील ओल्या अस्तरावरून हवा खेळते, तेथील पाणी उडतें आणि रक्त निवतें. लांब मुस्कटाच्या कुत्र्याला हें अस्तर भरपूर असतें. पग, शिह त्झू, पेकिनीज या चपट्या तोंडाच्या जातींत तें आखडलेलें असतें. शिवाय मागची मऊ टाळू श्वासाच्या वाटेंत लोंबते. म्हणजे कूलर आहे, पण टट्टी वीतभर आणि पंख्यापुढें पडदा! आषाढ-श्रावणांत हवा दमट झाली कीं आपले कूलर जसे निकामी होतात, तशी या कुत्र्यांची अडचण पावसाळ्यांतहि उरतेच. हॉलंडमध्यें तर ज्याचें मुस्कट डोक्याच्या एकतृतीयांशाहूनहि आखूड आहे अशा कुत्र्याची पैदास करण्यास २०१९ पासून मनाई आहे.

आतां माझी चूक सांगतों. २००३ सालीं एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातींत लहान मुलाच्या मागें मागें जाणारा एक पग साऱ्या देशानें पाहिला, आणि त्यानंतर कांहीं वर्षांनीं नातवंडांच्या हट्टाखातर तसाच एक आमच्या घरीं आला. लहान होता, शांत होता, मुलांनीं कान ओढले तरी गुरगुरत नसे. आमच्या दोन्ही अटी त्यानें पुऱ्या केल्या, असें आम्ही समजलों. वैशाखांत एका दुपारीं चार वाजतां, ऊन उतरलें असें मानून, मींच त्याला मुलांबरोबर बाजारापर्यंत पाठविला. परत येतांना त्याची धाप थांबेना. जीभ जांभळी पडली. उंबऱ्याशीं येऊन तो आडवा झाला. आम्हीं त्याला सांवलींत निजविला, डॉक्टरांकडे नेण्यासाठीं गाडी शोधली, आणि या धांदलींत अर्धा तास गेला. तो वांचला नाहीं. रात्रीं नातीनें विचारलें, 'आजोबा, ऊन तर आम्हांलाहि लागलें. मग तोच कां गेला?' या प्रश्नाचें उत्तर मीं नंतर शोधलें. तें कुत्रा आणण्यापूर्वीं शोधावयास हवें होतें.

जें त्या दिवशीं करावयास हवें होतें तें येथें सांगून ठेवतों. कुत्र्याच्या अंगाचा ताप १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हा स्वाभाविक. तो १०६ च्या घरांत गेला कीं जीव धोक्यांत आला. अशा वेळीं आधीं त्याला नळाच्या साध्या पाण्यानें पोटापासून पायांपर्यंत भिजवावें, पंखा लावावा, आणि अंग निवूं लागतांच दवाखान्यांत न्यावें. बेशुद्ध असल्यास तोंडांत पाणी ओतूं नये. फिरावयास नेणें तें सूर्योदयापूर्वीं व दिवेलागणीनंतर. रस्ता निवला कीं नाहीं हें पाहावयाचें असेल तर हाताची उलटी बाजू डांबरावर पांच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाहि सोसणार नाहीं.

मग लहान आकाराचींच कुत्रीं हवीं असतील तर काय करावें? आपण ज्याला घरोघर पॉमेरेनियन म्हणतों, तो बहुधा भारतीय स्पिट्झ असतो; १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटांतील टफी याच जातीचा. त्याचें मुस्कट लांबट असल्यामुळें पगापेक्षां तो आपल्याकडे पुष्कळ बरा टिकतो. वजन पांच ते दहा किलोंच्या आसपास, बुद्धि तल्लख, राखण उत्तम. पण केंस दाट, रोज विंचरावे लागणार, त्यांत गोचीड दडणार, आणि दारावरून सायकल गेली तरी हा भुंकणार. उन्हाळा आला म्हणून त्याचे केंस मुळापासून काढूं नयेत. ते त्याला उन्हापासूनहि राखतात. डॅक्सहुंड हा आखूड पायांचा, आखूड केंसांचा व लांब नाकाचा. केंसांचे कष्ट नाहींत. परंतु त्याच्या लांब पाठीचे मणके नाजूक असतात. मुलांनीं पुढच्या दोन पायांना धरून उचलला किंवा तो पलंगावरून वारंवार उड्या मारूं लागला तर कायमचें दुखणें ओढवतें. ज्या घरीं मूल सहा वर्षांच्या आंतलें आहे तेथें मी तरी त्याचें नांव सुचविणार नाहीं. ल्हासा आप्सो हा तिबेटच्या थंडीचा प्राणी. त्याच्या जमिनीला टेकणाऱ्या केंसांकडे पाहूनच उत्तर कळावें.

पगानंतर दोन वर्षें आम्हीं कुत्रें आणलें नाहीं. पुढें एका आरागिरणींत भुशाच्या ढिगाआड एका गांवठी कुत्रीला पिलें झालीं, त्यांतील एक तांबूस पिलूं मुलांनीं घरीं आणलें. मी मनांतून नाराज होतों. जात नाहीं, कागद नाहीं, आणि वाढेल किती कोण जाणे! तिचें नांव तांबी. ती पंधरा किलोंवर थांबली. अंगाला आखूड केंस, नाक लांब, कान उभे. वैशाखांत ती आपण होऊन मोरीजवळच्या ओल्या फरशीवर दुपार काढते आणि ऊन उतरल्याशिवाय हलत नाहीं. मला जें कळलें नव्हतें तें तिला उपजत कळत होतें. या मातींत शतकानुशतकें उन्हानें आणि उपासानें जिची निवड केली ती जात, तिला वंशावळीचा कागद कशाला हवा? लहान हा शब्द सोडून मध्यम म्हणण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांना माझा सल्ला हाच कीं गांवठी पिलूं घ्यावें. शक्यतों मादी घ्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें तिची नसबंदी करून घ्यावी.

पिलूं कोणतेंहि असो, आठ आठवड्यांच्या आंत आईपासून तोडूं नये. २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणें त्याहून लहान पिलूं विकतांहि येत नाहीं. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत त्याला जीं माणसें, जे आवाज परिचयाचे होतात, त्यांचें भय त्याला पुढें वाटत नाहीं. म्हणून आईजवळ असतांनाच मुलांनीं तेथें जाऊन त्याला हळूच हाताळावें. खाण्याचें म्हणाल, तर कुत्र्यांना लांडग्यापेक्षां पिठूळ अन्न पचविण्याची शक्ति अधिक असते, हें २०१३ सालीं त्यांच्या आनुवंशिक घटकांच्या तपासणींतून दिसून आलें. तेव्हां ज्वारीची भाकरी त्याला चालते. परंतु केवळ भाकरी पुरत नाहीं. अंडें किंवा मांस हवें. कांदा, लसूण, द्राक्षें, बेदाणे आणि मुलांचें आवडतें चॉकलेट हीं मात्र कुत्र्याला विषासमान आहेत.

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. महाभारताच्या आदिपर्वांत सरमेच्या पिलाची कथा आहे. जनमेजयाच्या भावांनीं यज्ञमंडपांत आलेल्या त्या पिलाला विनाकारण मारलें. त्यानें हविर्द्रव्याला तोंड लावलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंहि नव्हतें. सरमेनें शाप दिला कीं तुमच्यावर न दिसणारें भय येईल. मुलांना ही कथा अवश्य सांगावी; कारण कुत्रें चावलें असें आपण म्हणतों, तेव्हां त्यापूर्वीं कोणी त्याला जेवतांना डिवचलें, झोपेंतून ओढलें, हें आपण पाहिलेलें नसतें. गुरगुरणें ही कुत्र्याची सूचना आहे. त्याबद्दल त्याला मारलें तर तें पुढें सूचना न देतां चावतें. लहान मूल आणि कुत्रें यांना वडील माणसाच्या नजरेआड एकत्र सोडूं नये.

आणि सरमेच्या शापाहूनहि खरें असें एक न दिसणारें भय आहे. १८८५ सालीं पॅरिसमध्यें पाश्चरनें जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोंचून पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषापासून वांचविलें. एवढीं वर्षें गेलीं, तरी लक्षणें दिसूं लागल्यावर या रोगावर आजहि भरवशाचा उपाय नाहीं. उपाय आहे तो आधींचाच. पिलाला तीन महिन्यांचें होतांच लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हां पुन्हां, आणि दरवर्षीं न चुकतां. घरच्या कुत्र्याचा दांत किंवा नख लागून ओरखडा उठला तरी तो साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावा. त्यावर चुना, मिरची, हळद कांहींहि लावूं नये, आणि त्याच दिवशीं सरकारी रुग्णालय गांठावें. मूल भीतीनें चावा लपवून ठेवतें. म्हणून त्याला आधींच सांगून ठेवावें कीं सांगितलें तर कोणी रागावणार नाहीं.

परतवाड्यासारख्या मेळघाटाच्या पायथ्याच्या गांवीं आणखी एक पथ्य आहे. बिबट्याला कुत्रें फार प्रिय. रात्रीं कुत्र्याला अंगणांत साखळीनें बांधून ठेवणें म्हणजे त्याला निमंत्रण देणें होय. रात्रीं कुत्रें घरांतच घ्यावें.

शेवटीं, कमी कष्टाच्या अटीविषयीं. कुत्रें बारा-पंधरा वर्षें जगतें. आज आठ वर्षांची असलेली मुलगी तें म्हातारें होईल तेव्हां महाविद्यालयांत, कदाचित् परगांवीं असेल. पहांटे पांच वाजतां त्याला बाहेर नेणारे आपणच असणार. तेव्हां आणण्यापूर्वीं एक महिना वडिलांनीं रोज पहांटे पांचला उठून, कुत्र्यावांचूनच, अर्धा तास फिरून यावें. महिना पुरा झाला तर खुशाल पिलूं आणावें. नाहीं झाला, तरी प्रकृतीला कांहीं अपाय झालेला नसेल, आणि एका मुक्या जिवाची फरफटहि टळली असेल.