सैनिकाचा मावळा करताना

घरात प्लास्टिकचा जुना सैनिक आहे आणि त्याचा मावळा करायचाय. पगडी हवी, खांद्यावर शेला हवा. मग हे घडवायला पुट्टी कुठली घ्यायची?

ओव्हनमध्ये भाजायची पॉलिमर क्ले इथे नको. तिला साधारण १३० अंश सेल्सिअस उष्णता लागते. तेवढ्यात सैनिकच वितळेल! आपल्याला हवी इपॉक्सी पुट्टी. तिचे दोन भाग सारखे घेऊन मळले की ती आपोआप कडक होते.

हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील स्वस्त आणि सहज मिळणारं. पगडीचा ढोबळ आकार त्यात छान बसतो, पण ते लवकर घट्ट होतं, म्हणून चिमूटभरच मळा. शेल्याच्या चुण्यांना मात्र ग्रीन स्टफ नावाची इपॉक्सी पुट्टी. तिची निळी-पिवळी पट्टी एकसारखी हिरवी होईपर्यंत मळायची. दोन रंग जिथे भिडतात तिथली कडा आधीच घट्ट झालेली असते. ती कापून टाका, नाहीतर चुणीत नेमका खडा येतो. ही पुट्टी वाळल्यावरही किंचित लवचीक राहते, त्यामुळे पॉलिशपेपरला दाद देत नाही. तलवारीच्या धारेसाठी म्हणूनच वेल्समध्ये तयार होणारी मिलिपुट ही पुट्टी बरी. ओल्या बोटाने ती गुळगुळीत होते आणि वाळल्यावर छान घासता येते.

ओली इपॉक्सी काहींच्या कातडीला बाधते, तेव्हा हातमोजे घाला. घासताना तोंडावर मास्क हवाच. आणि पोळपाटावर मळू नका. घरातले का ओरडतात ते नंतर कळतं.