'कॅम्प' या शब्दाचा मुक्काम

'उल्हासनगर, कॅम्प नं. ३' असा पत्ता पाकिटावर लिहितांना कोणाचाहि हात थबकत नाहीं. परंतु 'कॅम्प' हा शब्द फार दूरचा प्रवास करून तेथें आलेला आहे, आणि कायमच्या पत्त्याशीं त्याच्या अर्थाचें मुळींच जमत नाहीं.

लॅटिन भाषेंत 'कॅम्पस' म्हणजे मोकळें मैदान. मैदानावर सैन्याची कवायत होई, तळ पडे. म्हणून फ्रेंचच्या वाटेनें इंग्रजींत आलेल्या 'कॅम्प'चा अर्थ छावणी असा झाला. मोहिमेला म्हणतात तें 'कॅम्पेन' आणि रणांत उतरणारा 'चॅम्पियन' हे शब्दहि त्याच मैदानांतून निघाले. छावणी म्हटली कीं ती उठावयाचीच. 'टु स्ट्राइक कॅम्प' या वाक्प्रचारांत प्रहार नाहीं. तंबू उतरवून निघणें एवढाच भाव आहे. दोन छावण्यांत एकेक पाय ठेवणाऱ्या इंग्रजाला मराठी माणूस दोन्ही डगरींवर हात ठेवणारा म्हणेल. आणि 'कॅम्प फॉलोअर' म्हणजे मराठ्यांच्या इतिहासांतले बाजारबुणगे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ अशीच एक लष्करी छावणी वसली. युद्ध संपलें, सैनिक गेले. १९४७ च्या फाळणीनंतर त्याच रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारें एक लक्ष माणसांची सोय करण्यांत आली. शिपायांसाठीं बांधलेल्या लांबट खोल्यांत पडदे लावून संसार सुरू झाले.

त्या माणसांना इंग्रजींत 'रेफ्यूजी' म्हणत. १६८५ सालीं फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें प्रॉटेस्टंटांचें धर्मस्वातंत्र्य काढून घेतलें, तेव्हां इंग्लंडांत पळून आलेल्या ह्यूगेनॉट लोकांमुळें हा शब्द तेथें रूढ झाला. त्याच्या पोटांत आसरा आहे. मराठी 'निर्वासित' शब्दाच्या पोटांत मात्र सुटलेलें घर आहे. माणूस कोठें पोंचला हें एक शब्द सांगतो; त्याचें काय गेलें हें दुसरा सांगतो.

८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्यास नांव मिळालें. छावण्यांचे क्रमांक मात्र तसेच राहिले.

छावणीचें शहर होणें नवें नव्हे. ग्वाल्हेरचें 'लष्कर' दौलतराव शिंद्यांच्या तळांतून उभें राहिलें. मँचेस्टरच्या नांवाअखेरीस रोमन छावणीचा 'कास्त्रा' दडलेला आहे. त्या तळांवर मुक्काम वाढविणें सत्ताधीशांच्या मर्जीवर होतें. कल्याणच्या छावणींत आलेल्यांना परत जावयास घरच उरलें नव्हतें.

आज तेथें महानगरपालिका आहे, आणि अनेक बराकींच्या जागीं इमारती आहेत. कोशांत 'कॅम्प' म्हणजे तात्पुरता तळ, असाच अर्थ राहील. कॅम्प नं. ३ मध्यें जन्मलेलें मूल मात्र तो शब्द प्रथम शिकतें, तो आपल्या घराचा ठिकाणा म्हणून.