काम सोडून निघालेला शास्त्रज्ञ

श्रोतेहो, अणुबॉम्ब म्हटला की ओपेनहायमर आठवतात, हिरोशिमा आठवतं. पण बॉम्ब पुरा होण्याआधीच ते काम सोडून निघून गेलेले एक शास्त्रज्ञ सहसा कुणाला आठवत नाहीत. त्यांचं नाव जोसेफ रॉटब्लॅट.

रॉटब्लॅट यांचा जन्म १९०८ सालचा, पोलंडमधल्या वॉर्साचा. युरेनियमचा अणू फुटतो हे १९३९ च्या आरंभी जगाला कळलं. तो फुटताना न्यूट्रॉन बाहेर पडतात, हे रॉटब्लॅटना वॉर्साच्या प्रयोगशाळेत दिसलं. यातून केवढा स्फोट घडवता येईल, हेही त्यांच्या ध्यानात आलं. तो विचार त्यांनी मनातून झटकून टाकला. त्याच वर्षी ते इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला जेम्स चॅडविक यांच्याकडे काम करायला गेले. ऑगस्टमध्ये पत्नी तोला हिला न्यायला परत आले, तर ती अपेंडिक्सने आजारी. बरी झाली की मागून येईल, असं ठरलं. ते एकटेच परतले आणि १ सप्टेंबरला हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं. तोला कधीच आली नाही. ज्यूंच्या संहारात तिचा बळी गेला.

झटकलेला विचार आता परत आला. हिटलरच्या हाती बॉम्ब पडला तर? तो आपल्याकडेही असला, तर हिटलर वापरायला धजणार नाही, अशी रॉटब्लॅट यांनी मनाची समजूत घातली. १९४४ च्या सुरुवातीला ते अमेरिकेत लॉस अलामॉसला दाखल झाले. मार्चमध्ये चॅडविक यांच्या घरी जेवणाच्या वेळी प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्हज् सहज बोलून गेले, की बॉम्बचा खरा हेतू रशियाला नमवणं हा आहे. तेव्हा रशिया दोस्त होता, त्याचे सैनिक रोज मरत होते. रॉटब्लॅट हादरले.

वर्षअखेरीस कळलं, की जर्मनांनी बॉम्बचा नाद कधीच सोडलाय. ज्या कारणासाठी आलो, ते कारणच उरलं नाही! रॉटब्लॅट यांनी जाण्याची परवानगी मागितली. ते हेर असल्याचा संशय घेतला गेला. खरं कारण सहकाऱ्यांना सांगायचं नाही, या अटीवर त्यांना सोडलं. पत्नीची काळजी वाटते म्हणून जातोय, असं सांगून ते डिसेंबरमध्ये निघाले.

बाकीचे का थांबले? रॉटब्लॅट यांनी पुढे १९८५ मध्ये यावर लिहिलं. अनेकांना आपलं गणित बरोबर येतं का, हे पाहायचं होतं. काहींना वाटत होतं, बॉम्बमुळे युद्ध लवकर संपेल, सैनिकांचे जीव वाचतील. काहींना आपल्या नोकरीची, भवितव्याची धास्ती होती. ही माणसं दुष्ट नव्हती. काम सुरू झालं होतं, ते चांगलं चाललं होतं, आणि चांगलं चाललेलं काम थांबवणं फार अवघड असतं.

रॉटब्लॅट गेले म्हणून बॉम्ब थांबला नाही. ६ ऑगस्ट १९४५ ला तो हिरोशिमावर पडला. त्यानंतर मात्र त्यांनी आपलं ज्ञान वैद्यकाकडे वळवलं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात ते किरणोत्साराचे जिवांवर होणारे परिणाम अभ्यासू लागले. १९५५ मध्ये रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ११ जणांत ते होते. त्यातून शास्त्रज्ञांची परिषद ठरली. पंडित नेहरूंनी ती भारतात भरवण्याचं निमंत्रण दिलं होतं. पण सुएझचा पेच उद्भवला आणि ते राहून गेलं. अखेर १९५७ मध्ये कॅनडातल्या पगवॉश गावी २२ शास्त्रज्ञ जमले. अमेरिका आणि रशिया, दोन्हीकडचे एका टेबलाशी बसले. १९६३ च्या अणुचाचणीबंदी कराराची वाट सोपी व्हायला या गाठीभेटींचा हातभार लागला. १९९५ चं शांततेचं नोबेल रॉटब्लॅट आणि पगवॉश यांना मिळून देण्यात आलं. २००५ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी ते गेले.

आज नऊ देशांकडे अण्वस्त्रं आहेत. त्यांत आपलाही देश आहे. प्रत्येकाकडे स्वतःचं कारण आहे. श्रोतेहो, कारण असणं ही मोठी गोष्ट नाही, ते रॉटब्लॅटकडेही होतं. ते संपलं का, हे त्यांनी स्वतःला विचारलं आणि उत्तर मिळताच सामान बांधलं. आपणही आपापल्या कामात हा प्रश्न अधूनमधून विचारायला हवा.