लोगो भाषेतलं चल

1967 मध्ये अमेरिकेत मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार झाली. सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयर्झिग आणि सिंथिया सॉलोमन हे तिचे निर्माते. लोगोत ‘फॉरवर्ड 100’ अशी आज्ञा दिली, की पडद्यावरचं कासव शंभर पावलं पुढे सरकतं आणि मागे रेघ उमटते. पण लहानमोठे चौरस काढायचे तर दर वेळी आज्ञा नव्यानं कशाला लिहायच्या? ‘मेक’ या आज्ञेनं ‘बाजू’ नावाच्या चलात 50 ही किंमत ठेवायची आणि ‘फॉरवर्ड’पुढे आकड्याऐवजी ते चल लिहायचं. नावाआधी अवतरणचिन्ह दिलं, तर संगणक ते नुसतं नाव समजतो. दोन टिंबं दिली, तर त्यातली किंमत घेतो. किंमत बदलून त्याच आज्ञा पुन्हा चालवल्या, की नव्या मापाचा चौरस तयार! बीजगणितातला ‘क्ष’ मुलांना इथे डोळ्यांसमोर काम करताना दिसतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा.