गेरूचा खडा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त म्हैसूर येथे दिलेले भाषण)



पुरातत्त्व हा आमचा विषय नव्हे. आम्ही साधे बी. ए.; हयात केंद्र सरकारच्या फायलींत गेली. तथापि म्हैसुरास बदली झाली तेव्हा आईने सामानात गेरूचा एक खडा बांधून दिला, आणि आजचे चार शब्द त्या खड्यापायी आहेत. “अगं, त्या मुलखात तांबड्या मातीला काय तोटा?” असे आम्ही हसून म्हटले. ती एवढेच म्हणाली, “असू दे. वृंदावनाला लागेल.”

येथे येऊन पाहतो तो दारोदारी रांगोळीभोवती केम्मण्णूची तांबडी रेघ! नाव कानडी, वस्तू आपल्या घरचीच. गेरू म्हणजे लोहयुक्त माती. तिला तांबडा रंग देणारे खनिज ते हेमॅटाइट.

याच कर्नाटकात, आजच्या यादगीर जिल्ह्यात, हुणसगी हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनी त्या परिसरात अनेक वर्षे संशोधन करून आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी उजेडात आणल्या. तेथेच हेमॅटाइटचा एक लहान खडा मिळाला. त्याची एक बाजू घासून सपाट झालेली, तिच्यावर बारीक रेघोट्या. रॉबर्ट बेडनारिक यांनी १९९० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. खडूप्रमाणे तो कठीण दगडावर घासला गेला असावा, असे त्यांचे मत. ही गोष्ट काही लाख वर्षांपूर्वीची. त्या हातकुऱ्हाडी घडविणारा मानव आपल्याहून प्राचीन जातीचा मानला जातो.

मग त्याला रंगाची आवड होती काय? एका कागदावरून निकाल देणे आमच्या कचेरीतही चालत नाही; येथे तर एक खडा. शिवाय गेरू केवळ शोभेचा नाही. डिंकात कालवून दगडी पाते दांड्याला चिकटविण्यासाठी तो दक्षिण आफ्रिकेत सुमारे ७०,००० वर्षांपूर्वी वापरला गेला. त्याच देशातील ब्लॉम्बोस गुहेत मात्र सुमारे १ लाख वर्षांपूर्वीचे दोन मोठे शिंपले मिळाले. त्यांत गेरू, कोळसा आणि भाजलेल्या हाडांचा चुरा कालवलेला होता. हे वृत्त २०११ साली प्रसिद्ध झाले. एवढी सिद्धता करणारा माणूस पुढचा विचार करीत होता, यात शंका नाही. परंतु तो रंग अंगाला लावला, कातड्याला की आणखी कशाला, हे शिंपला सांगत नाही.

आमची आई आता नाही. तिचा खडा डब्यात आहे. एक बाजू घासून सपाट झालेली. परवा नातीने विचारले, “आजोबा, वृंदावनाला तांबडाच रंग का?” आम्ही निरुत्तर झालो. आईला आम्ही ते कधी विचारलेच नव्हते. उद्या कोणा संशोधकाला हा खडा मिळाला, तर तोही एवढेच लिहील : एका बाजूने घासलेला.

हुणसगीच्या माणसाला विचारण्याची सोय नाही. आपल्या घरांतून मात्र अजून वडीलधारी माणसे आहेत. घरापासून दूर राहणाऱ्या आपणांस आमची एकच विनंती : त्यांना विचारा, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. मंडळाच्या पुढील अंकाला त्याहून मोलाचा मजकूर मिळणार नाही.