लॅपटॉप घेताना नाव बघायचं की काम?



लॅपटॉपच्या झाकणावर ज्या कंपनीचं नाव असतं, तिनेच तो बनवलेला असतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक अशा तैवानच्या कंपन्या जगातले बरेचसे लॅपटॉप बनवतात आणि मग त्यांवर वेगवेगळ्या ब्रँडची नावं लागतात. म्हणून बारावी झालेल्या मुलीसाठी वा मुलासाठी लॅपटॉप घ्यायला निघालेले पालक जेव्हा विचारतात, ‘मोठ्या कंपनीचा घेऊ की तेवढ्याच आकाराचा आठ-दहा हजारांनी स्वस्त घेऊ?’, तेव्हा मी त्यांना आधी वेगळाच प्रश्न विचारतो. तीन वर्षांनी हा बिघडला, तर तो तुमच्या गावात कोण उघडणार आणि त्याचा सुटा भाग कुठून आणणार?

मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम शिकवतो. आमच्या टेबलावर वारंवार येणारं एक दुखणं सांगतो, ते म्हणजे बिजागरी. झाकण ज्यावर फिरतं ती बिजागरी पोलादी असते, पण ती ज्या खोक्यावर बसवलेली असते ते प्लॅस्टिकचं असतं. त्या प्लॅस्टिकमध्ये ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे पितळी नट गरम करून रुतवलेले असतात आणि बिजागरीचे स्क्रू त्यांत पिळलेले असतात. वर्ष-दोन वर्षांत बिजागरी घट्ट होत जाते. आपण झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतो, त्यामुळे सगळा जोर एकाच बाजूच्या नटांवर येतो. एक दिवस प्लॅस्टिक तडकतं आणि नट बिजागरीसकट बाहेर येतो. खालच्या कडेला फट दिसू लागते. तसाच वापरत राहिलं की स्क्रीनकडे जाणारी बारीक केबल ताणली जाते, आणि मग चारशे-पाचशेत निभावणारं काम हजारोंच्या घरात जातं.

खपणारं मॉडेल असेल, तर त्याच्या खोक्याचं नवं पॅनेल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं, कुरिअरनं चार दिवसांत येतं. एखाद्या नवख्या, वर्षभरच बाजारात दिसलेल्या कंपनीचा लॅपटॉप असेल तर पॅनेल मिळतच नाही. मग दुरुस्ती करणारा मुलगा अरल्डाइट लावून बिजागरी चिकटवतो. मी शिकवलेली मुलंही तेच करतात, कारण दुसरा इलाजच नसतो. ते किती दिवस टिकेल, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

एवढ्यावरून ‘मग मोठ्या नावाचाच घ्यावा’ असं कुणी ठरवत असेल, तर जरा थांबा. मोठ्या कंपन्यासुद्धा सगळ्यात खालच्या किमतीला जे मॉडेल विकतात, त्यात काटकसर तितकीच केलेली असते. प्लॅस्टिक पातळ, स्क्रीन मंद, आणि पुष्कळदा रॅम मदरबोर्डवर डाग देऊन पक्की बसवलेली. अशी रॅम पुढे वाढवता येत नाही. विंडोज 11 ची किमान अट 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज इतकीच आहे, आणि काही कंपन्या बरोबर तेवढंच देऊन मोकळ्या होतात. त्यावर ब्राउझरचे चार टॅब, एक ऑनलाइन लेक्चर आणि एक पीडीएफ उघडलं की मशीन धापा टाकायला लागतं. स्टोरेजच्या जागी ईएमएमसी असं लिहिलेलं दिसलं, तर तो लॅपटॉप खाली ठेवा, नाव कुणाचंही असो. ती चिप साध्या एसएसडीपेक्षा हळू असते आणि बोर्डवरच पक्की असते. भरली तर बदलता येत नाही, बिघडली तर बोर्डच बदलावा लागतो. आज नवा घेताना 8 जीबी रॅम, शक्यतो वाढवता येणारी, आणि 256 जीबीची खरी एसएसडी, याच्या खाली उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रोसेसरच्या नावानंही माणूस गोंधळतो. एएमडीचा रायझन थ्री 7320यू हा प्रोसेसर 2022 साली आला. सात हजारांच्या मालिकेतला असल्यामुळे नवाकोरा वाटतो, पण त्याचा गाभा झेन टू हा, 2019 साली बाजारात आलेला. ही खूण त्या आकड्यातच असते. तिसरा अंक, म्हणजे 7320 मधला 2, गाभ्याची पिढी सांगतो. हा प्रोसेसर वाईट आहे असं मी म्हणत नाही, पत्रव्यवहाराला आणि अभ्यासाला तो पुरतो. पण तो ज्या प्रकारच्या रॅमवर चालतो ती रॅम बोर्डवर डाग दिलेलीच येते. घेताना 8 जीबी असली, तर शेवटपर्यंत 8 जीबीच. दुकानदार हे आपण होऊन सांगेलच असं नाही, आपण विचारायला हवं.

स्वस्त म्हणजे तकलादू, हा काही निसर्गनियम नाही. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप 2007 साली आपल्याकडे रायगड जिल्ह्यातल्या कर्जत परिसरातल्या एका छोट्या शाळेत आला होता. शंभर डॉलरमध्ये लॅपटॉप देण्याचं उद्दिष्ट त्यांना गाठता आलं नाही, पण यंत्र विचार करून घडवलं होतं. स्क्रीन उन्हात वाचता येई. कीबोर्ड रबराचा, धूळ आत जाऊ न देणारा. आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे उचलायच्या मुठीच्या आत जादा स्क्रू ठेवलेले असत, खोलताना एखादा हरवला तर हाताशी असावा म्हणून. हे यंत्र बनवलं होतं क्वांटानंच. म्हणजे त्याच कारखान्याला सांगितलं, तर तो दुरुस्त होण्याजोगं स्वस्त यंत्रही देऊ शकतो. आजच्या स्वस्त लॅपटॉपकडून ही अपेक्षा आपण का सोडून द्यायची?

तुमच्याकडे वीस-पंचवीस हजारच असतील, तर माझी पसंती तिसऱ्याच वाटेला आहे. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिससाठी बनवलेल्या मालिका असतात. लेनोव्होचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक. आयटी कंपन्या असे लॅपटॉप तीन-चार वर्षं वापरून बदलतात आणि ते जुन्या बाजारात येतात. बिजागरी भक्कम, कीबोर्ड उत्तम, बऱ्याच मॉडेलांत रॅम आणि एसएसडी बदलता येते, सुटे भाग मुबलक. त्याच पैशातल्या नव्या, हलक्या लॅपटॉपपेक्षा हा विद्यार्थ्याला जास्त वर्षं साथ देतो. रॅम वाढवता येईल का हे मात्र मॉडेल पाहूनच विचारा, कारण पातळ मॉडेलांत इथंही ती पक्की असते.

एक पथ्य मात्र पाळा. मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला, आणि विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आय-फाइव्हच्या पुढचा आकडा वाचा. 8250 म्हणजे आठवी पिढी, 1135 म्हणजे अकरावी. 7200 किंवा 6300 असेल, तर तो सातवी-सहावीचा. बाजारात असे लॅपटॉप ‘विंडोज 11 टाकून देतो’ म्हणत खपवले जातात. त्यावर उबंटूसारखं लिनक्स वापरायची तयारी असेल तर खुशाल घ्या, ते छान चालतं. नसेल तर नको.

जुना घेताना दुकानातच बॅटरीचा रिपोर्ट काढायला सांगा. विंडोजमध्ये ती सोय आहे, दोन मिनिटांचं काम. मूळ क्षमता आणि आताची क्षमता असे दोन आकडे दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. मग चार्जर काढा आणि वीस मिनिटं व्हिडिओ चालवा. झाकण मधोमध धरून दोनदा उघडा, कर्र असा आवाज आला तर दुसरा दाखवायला सांगा. कीबोर्डची प्रत्येक कळ दाबून बघा, संकोच करू नका.

नवा घेणार असाल, तर वॉरंटी ऑनसाइट आहे की कॅरी-इन, हे पैसे देण्याआधी विचारा. ऑनसाइट म्हणजे माणूस घरी येतो. कॅरी-इन म्हणजे तुम्ही लॅपटॉप घेऊन जिल्ह्याच्या किंवा त्याहून लांबच्या गावाला जायचं, आणि ऐन परीक्षेत तो आठ-पंधरा दिवस तिथंच राहू शकतो. जवळचं सेवा केंद्र कुठं आहे हे कंपनीच्या साइटवर बघून तिथं एक फोन करा. कुणी उचललाच नाही, तर त्या कंपनीचा विचार सोडा. मग ती लहान असो वा मोठी.

जुना असो वा नवा, जीएसटीसह पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीत दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915. तिथं मराठीतून तक्रार नोंदवता येते.