भेंडवळची घटमांडणी आणि प्राचीन जर्मनांचे शकुन



बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांत साखरखेर्डा हें गांव आहे. मृग कोरडा गेला, कीं तेथील कोरडवाहू शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो. पावसाचा अंदाज बांधण्याची एक जुनी रीत याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत, भेंडवळ येथें चालत आली आहे. अक्षय तृतीयेच्या सायंकाळीं तेथें शेतांत अठरा प्रकारचीं धान्यें वर्तुळाकार मांडतात. मधोमध खड्डा करून त्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचीं चार ढेकळें ठेवतात व त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशीं पहांटे दाणे किती हलले, ढेकळें किती भिजलीं, हें पाहून वर्षाचें भाकीत सांगतात.

प्राचीन जर्मनांचीही अशीच एक रीत होती. रोमन इतिहासकार टॅसिटस यानें इ. स. ९८ च्या सुमारास ती लिहून ठेवली आहे. फळझाडाची डहाळी तोडून तिचे तुकडे करीत, त्यांवर खुणा करून ते पांढऱ्या वस्त्रावर टाकीत; मग पुरोहित आकाशाकडे दृष्टि लावून तीन तुकडे उचली व त्यांवरून कौल सांगे. देवांना भिंतींत कोंडणें त्या लोकांना अनुचित वाटे. म्हणून राई हेंच त्यांचें देवालय होतें.

या साम्यावरून दोन्ही रीती एकाच मुळाच्या ठरत नाहींत. ज्याचें पोट भूमीवर आणि आकाशावर अवलंबून असतें, तो कोणत्याही देशांत त्यांनाच प्रश्न विचारतो, एवढेंच तींतून दिसतें. त्या प्रश्नांत नम्रता आहे. सृष्टि आपली दासी नव्हे, ही जाणीव आहे.

परंतु प्रश्न पवित्र असला म्हणून उत्तर खरें ठरत नाहीं. रात्रींचा वारा, मुंग्या आणि घागरीचा पाझर यांनाही दाणे हलवितां येतात, ढेकळें भिजवितां येतात. हिंदुस्थानांत हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें व १८८६ पासून मोसमी पावसाचे अंदाज निघूं लागले. तेही कधीं चुकतात. पण चूक मोजून पुढचा अंदाज सुधारतां येतो. ढेकळाच्या भरवंशावर घाईनें पेरलेलें बीं मात्र मातींत करपतें, आणि दुबार पेरणीसाठीं कर्ज काढावें लागतें.

म्हणून अक्षय तृतीयेस भूमीपुढें हात अवश्य जोडावे. पण पाभर धरावी ती ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनींत पुरेशी ओल झाल्यावरच. भूमीचा मान राखणें म्हणजे तिची ओल स्वतःच्या हातानें पाहणें होय.